उल्लेखांची गणती

संशोधकाचे मोल त्याच्या निबंधांच्या व त्यांच्या उल्लेखांच्या संख्येवरून ठरवावे, हा आग्रह विद्यापीठांत दृढ होत चालला आहे. काशीतील एक उदाहरण या आग्रहास अडचणीचे ठरेल. बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेल्या, मूळच्या कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांकडे १९४२ मध्ये प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे तरुण गणिती संशोधनासाठी आले. प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र सापेक्षतासिद्धांतानुसार कसे असेल, हे त्यांनी गणिताने दाखविले. तो निबंध १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची व्यापक दखल घेतली गेली ती मात्र १९६३ मध्ये क्वेसारांचा उलगडा झाल्यानंतर. मधल्या वीस वर्षांत कोणी उल्लेख मोजले असते, तर त्याच्या हाती फारसे काही लागले नसते.

होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेल्या एच-निर्देशांकात तर असा निबंध कितीही वेळा उल्लेखिला गेला, तरी एकाहून अधिक भर घालीत नाही. शिवाय वैद्यकात उल्लेख झपाट्याने वाढतात, गणितात सावकाश; दोहोंना एकच माप कसे लावावे? आणि मराठीतील पाठसंपादनाचे काय? त्याचे उल्लेख आंतरराष्ट्रीय सूचींत सहसा नोंदलेच जात नाहीत. गणती जरूर ठेवावी. परंतु निवड करणाऱ्याने निबंध वाचण्याचे कष्ट टाळू नयेत.