आवराआवरीचा मोबदला घ्यावा



लोकांची घरे आवरून देण्याचा व्यवसाय सुरू करावा का, असे आपल्यातल्या दोघीतिघींनी मला विचारले. हल्ली त्याला होम ऑर्गनायझर म्हणतात. माझे मत विचाराल तर जरूर करावा आणि पैसे घेऊनच करावा. पण तो डबे विकण्याचा धंदा होऊ देऊ नये.

पहिला आक्षेप घरातूनच येतो: "दुसऱ्यांची कपाटे काय आवरायची? हे तर घरकाम." अहो, पापड लाटणे हेही घरकामच होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवू घालत. त्यांनाही कोणी व्यावसायिक म्हणत नव्हते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या कामाला किंमत आली. म्हणजे घरकामाचा व्यवसाय होऊ शकतो, हे आपल्याच भागातल्या बायकांनी कधीच दाखवून दिले आहे.

आज या कामाची गरजही आपल्याच भागात आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही तेच काम चालू आहे, आणि गिरगावातल्या जुन्या इमारतींचे आपण पाहतोच. पोटमाळ्यावरच्या ट्रंका, कॉटखालच्या पेट्या, पितळेची पिंपे, तीन पिढ्यांचे सामान खाली उतरते तेव्हा घरातल्या बाईला काही सुचत नाही. तिथे शांत डोक्याची, बाहेरची, पण आपल्यासारखी बाई हवी असते.

आपल्याला हे येते का? चाळीच्या एका खोलीत सहा माणसे, मोरी, मांडणी, देव्हारा आणि पाहुण्यांच्या गाद्या ज्या सासवांनी बसवल्या, त्यांच्या हाताखाली आपण शिकलो. शिवाय आपल्या घरात पिठालाही मर्यादा असते: थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. बी.कॉम.ला मी शिकले की आधी आलेला माल आधी संपवावा. ते आपल्या स्वयंपाकघरात पुस्तकाआधीपासून होते.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण परिग्रहाला मर्यादा घालावी असे मानणारी माणसे. मग लोकांचा परिग्रह नीट रचून देऊन पैसे कमवायचे? हा प्रश्न डबे विकणारीला लागू पडतो. पसारा बघायला जायचे आणि चाळीस पारदर्शक डबे, दहा टोपल्या, आणखी एक रॅक घ्यायला लावायचे, वर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचे. यात घरातली एकही वस्तू कमी होत नाही, उलट पन्नास वाढतात. आपल्या परिग्रहाच्या यादीत भांडी-कपडेही मोजलेले आहेत, हे विसरू नये. म्हणून माझा आग्रह असा की पैसे तासावर घ्यावेत, खरेदीवर कमिशन घेऊ नये. तुमची फी वस्तू वाढवण्यावर अवलंबून असेल तर तुमचा सल्ला कधीच खरा राहणार नाही.

कमी करायचे म्हणजे फेकायचे, असेही नाही. मारी कोंडोबाईंच्या पद्धतीत ज्या वस्तूने आनंद होतो ती ठेवायची. ठीक आहे, पण जुन्या भाडेपावतीने कोणाला आनंद होतो? आणि पुनर्विकासात खोलीवरचा हक्क दाखवायला तीच लागते. तसेच ट्रंकेच्या तळाशी सासऱ्यांच्या नावाची शेअर सर्टिफिकेट सापडतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, ते आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर सरकारी निधीकडे जातात, मग ते परत मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. म्हणून कागदांची फाइल वेगळी करून मालकाच्या हातात द्यावी. आपण त्यातले काही फाडू नये.

दागिन्यांना आणि देव्हाऱ्याला हात लावू नये. सासूबाईंच्या वस्तूचा निर्णय सुनेला विचारून घेऊ नये, त्यांनाच विचारावे. ज्यांची वस्तू, त्यांचा शब्द. वेळ जास्त लागतो, लागू द्या. पूर्वी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे द्यायची, तेव्हाही कोणती साडी द्यायची हे घरची बाईच ठरवत असे. आणि फडताळ रिकामे करताना जयणा पाळावी. मऊ कुंचल्याने जीवजंतू हलकेच बाजूला करून मग पुसावे. पावसाळ्याआधी हे काम झालेले बरे, दमट कपाटात जीव फार होतात.

हिशेबाचे म्हणाल तर जाण्यायेण्याचा वेळ आणि मदतनिसाची मजुरी फीमध्ये धरा. काय करणार आणि काय नाही, हे आधी कागदावर लिहून द्या. नात्यातल्या माणसाला सवलत द्या, पण बिल द्या. उद्यम नोंदणी आधारवर विनाशुल्क होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. बँकेत खाते मात्र स्वतःच्या नावाचे काढा.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, तिथे आपला हात बसलेला असतो आणि कामाचा फरक त्याच दिवशी दिसतो. काम संपल्यावर त्या घरात आधीपेक्षा कमी वस्तू असतील आणि घरची बाई कोणाला न विचारता हवी ती काढू शकत असेल, तर तुम्ही घेतलेला मोबदला चोख आहे असे समजा.