निरसं दूध आणि न उतरणारा ताप



सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं एक पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर होतं. लिहिणाऱ्या बाईंनी चार पानं भरून यजमानांच्या तापाबद्दल लिहिलं होतं. चार महिने ताप येतो आणि जातो. संध्याकाळी अंग मोडून येतं, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी माणूस पुन्हा उठून गोठ्यात जातो. कंबर धरलेली, गुडघे दुखरे, जेवणावर वासना नाही. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. सासूबाईंचं मत असं, की हा सगळा कामाचा कंटाळा! शेवटी ताजा कलम होता : "आमची गाय यंदा सातव्या महिन्यात गाभडली. तेव्हापासून घरात सगळं वाकडंच चाललंय. तिचा पायगुण तर नसेल?"

चार पानांपेक्षा मला त्या दोन ओळीच महत्त्वाच्या वाटल्या. मी उलटटपाली कळवलं, की डॉक्टरांना गाय गाभडल्याचं आवर्जून सांगा आणि रक्ताची ब्रुसेलाची तपासणी करायची का, ते विचारा. मागच्या आठवड्यात उत्तर आलं. तेच निघालं. बाईंच्या परवानगीनं आज या विषयावर लिहिते आहे, कारण दूध तापवणं, विरजणं, गोठा झाडणं ही कामं शेवटी आपल्याच हातची.

ब्रुसेला हा एक जंतू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या अंगात तो शिरला, की जनावर गाभडतं, बहुधा दिवस बरेच भरल्यावर. वार अडकते. गंमत अशी, की त्यानंतर जनावर चांगलं धडधाकट दिसतं, पुढच्या खेपेला नीट वितंसुद्धा. पण दुधातून जंतू जात राहतात, कधी कधी जन्मभर. म्हणून दिसायला गाय चांगली आहे यावर विसंबायचं नाही.

या तापाला पूर्वी 'माल्टा ताप' म्हणत. माल्टा बेटावर इंग्रजांची फौज होती आणि शिपाई तापानं अंथरूण धरीत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं 1887 मध्ये जंतू शोधला, पण तो माणसात येतो कुठून हे कळेना. 1905 मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला. दारोदार येऊन धार काढून दिलेलं शेळीचं ताजं दूध! पुढल्या वर्षी फौजेत ते दूध बंद केलं आणि रोगी झपाट्यानं कमी झाले. औषधाचा पत्ता नसताना नुसत्या दुधाच्या बंदोबस्तानं हे झालं, बरं का.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर दूध उकळूनच घेतो. घेतो खरं, पण रोजच्या चहापुरतं. आठवून बघा. पहाटे धार काढताना पोरगं पेला घेऊन उभं राहतं आणि आजोबा कौतुकानं म्हणतात, "पी, धारोष्ण आहे, ताकद येईल." धारोष्ण दुधाची महती आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. वडीलधाऱ्यांचा मान ठेवून सांगते, ती ऊब गायीच्या अंगाची असते. तिनं जंतू मरत नाहीत. जंतूंना ती मानवतेच. दूध 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 अंशांवर 15 सेकंद ठेवलं तर हा जंतू मरतो. डेअरीत पाश्चरायझेशन करतात ते हेच. घरी एवढा हिशेब नको. दूध ढवळत ढवळत चांगलं वर येऊ द्या, मग आच कमी करून आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा. नुसती साय फुगली म्हणजे उकळलं असं नाही.

दुसरी जागा देवघरातली. पंचामृताला निरसंच दूध हवं असा अनेक घरांत नेम असतो आणि मग तेच तीर्थ म्हणून लेकराच्या, गरोदर सुनेच्या तळहातावर पडतं. माझ्या घरी मी बरीच वर्षं उकळून गार केलेलं दूध घालते. एका पूजेला भटजींनी हरकत घेतली, तेव्हा अभिषेकाचं दूध वेगळं आणि तीर्थाचं वेगळं अशी तोड काढली. देवाची काही तक्रार आलेली नाही.

खरवसाची मात्र काळजी नको. चीक वाफेवर चांगला शिजून घट्ट होतो. मधोमध सुरी घालून बघा, ओली निघता कामा नये. अर्थात पहिला चीक वासराचा, उरेल तो आपला. दही उकळलेल्या दुधाचंच लावा. निरशा दुधाच्या दह्याला आंबटपणा आला म्हणून जंतू गेले असं समजू नका. आणि अलीकडे डेंग्यूची साथ आली, की शेळीचं कच्चं दूध शोधत लोक फिरतात. त्यानं डेंग्यू बरा होतो याला आधार नाही, आजाऱ्याला दुसरा आजार मात्र मिळायचा. द्यायचंच असेल तर उकळून द्या.

पण दुधाइतकाच धोका गोठ्यात आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. गाय गाभडली, वार अडकली, की हाक कुणाला जाते? सुनेला. ती पदर खोचून उघड्या हातांनी सगळं उचलते आणि हात धुऊन भाकरीला बसते. वार, पाणी, मेलेला गर्भ यांत या जंतूंची नुसती रेलचेल असते. हाताला एखादी चीर असली तरी त्यांना वाट पुरते. गरोदर बाईला लागण झाली तर तिचाही गर्भ पडू शकतो, हे घरातल्या मोठ्यांनी कानात साठवून ठेवावं. गरोदर बाईला या कामाला लावूच नका. इतरांनी रबरी हातमोजे घालून, नाकातोंडाला फडकं बांधून हे करावं. ओढून वार काढण्याचा खटाटोप नको, पशुवैद्यांना बोलवा. पडलेला गर्भ उकिरड्यावर टाकला, की कुत्री गावभर नेतात. खोल खड्डा, वर चुना, मग माती.

आजार झालाच तर तो बरा होतो, पण औषध निदान सहा आठवडे घ्यावं लागतं आणि बहुधा दोन औषधं एकत्र असतात. आठवड्याभरात ताप उतरतो, माणूस म्हणतो आता बरं आहे, आणि गोळ्या फळीवर पडतात. मग दोन महिन्यांनी ताप परत! गरोदर असाल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

वासरांना लस आहे. कालवड किंवा पारडी चार ते आठ महिन्यांची असताना ती देतात, आयुष्यात एकदाच. 2019 मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर हीही लस घेतली आहे. टोचायची ती पशुवैद्यांनीच. लस जिवंत जंतूंची असते, सुई माणसाला लागली तर त्यालाच आजार होऊ शकतो. गाभण जनावराला आणि गोऱ्ह्याला ती देत नाहीत.

दुधाची आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण उकळण्यावर सगळंच सुटतं असं वाटायला नको. कासेला दगडी होऊन गायीला इंजेक्शनं चालू असतील, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध घरात नको आणि डेअरीतही नको. औषधाचा अंश उकळून जात नाही. आणि दूध उन्हात तासन्‌तास राहून त्यात काही जंतूंनी विष सोडलं, तर तेही उकळून नाहीसं होत नाही.

त्या बाईंच्या दुसऱ्या पत्रात आता एकच प्रश्न आहे. सासूबाई म्हणतात, गाय गुपचूप बाजारात विकून टाका. बाईंचं मन घेत नाही. पोटची पोर म्हणून वाढवलेली गाय, शिवाय घेणाऱ्याच्या घरीही लेकरं असतील.

बाई, तुमचं मन बरोबर सांगतंय. सांगून विकली तर कोणी घेणार नाही, न सांगता विकली तर ताप दुसऱ्याच्या घरी गेला. आधी तिचं आणि गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचं रक्त तपासून घ्या. पशुवैद्य येईपर्यंत तिला वेगळी बांधा, वैरण-पाण्याची भांडी वेगळी ठेवा, बैल लावू नका. धार काढणाऱ्यानं तिची धार शेवटी काढावी आणि हात साबणानं धुवावेत. डेअरीत दूध घालत असाल तर गाय गाभडल्याचं तिथे सांगा. घरच्या दुधाचा थेंबही निरसा कुणाच्या ओठाला लागू देऊ नका. यजमानांच्या गोळ्यांचा कागद भिंतीला लावून रोज खूण करा, आणि तुम्हाला स्वतःला ताप येत असेल, तर तुमचंही रक्त या आठवड्यातच द्या. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही.