शमीचा सौदा: हैदराबादची सुटका, लखनौची जोखीम
घोट्याच्या दुखापतीमुळे आयपीएलच्या २०२४च्या संपूर्ण हंगामास मुकलेल्या मोहम्मद शमीवर सनरायझर्स हैदराबादने लिलावात १० कोटी रुपये लावले. हाती आले ९ सामन्यांत ६ बळी, तेही षटकामागे ११हून अधिक धावा मोजून. आता तेवढ्याच रकमेत लखनौने त्याला घेतले आहे. अंबरपेठेतून उप्पलच्या मैदानाकडे जाणाऱ्या प्रेक्षकांनी हळहळण्याचे कारण नाही. गुंतलेली रक्कम तरी मोकळी झाली.

लखनौचे गणित अधिक अवघड. २०२३च्या विश्वचषकातील शमीचे २४ बळी विसरता येत नाहीत, हे खरे. परंतु तेथे ११ कोटींचा मयंक यादव २०२५च्या हंगामात अवघे दोन सामने खेळला, मोहसीन खान तर एकही नाही. अशा जायबंदी ताफ्याच्या आधाराला आणला आहे तो पस्तिशीतला, शस्त्रक्रिया झालेल्या घोट्याचा गोलंदाज.