नकलेला 'अँटिक' म्हणू नका!

तर झालं असं. शेजारच्या अमेरिकन आजींनी परवा हाक मारली. आजोबांना जाऊन वर्ष झालं, घराचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीसाठी आजोबांची रायफल विकायची आहे. "तू मशीनमधला डॉक्टर ना? मग हिचे किती येतील ते सांग."

रायफल दिसायला झकास. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, अष्टकोनी नळी आणि काउबॉय सिनेमातला हिरो खटॅक-खटॅक ओढतो ती चापाभोवतीची लिव्हर. मॉडेल : विंचेस्टर 1873. आजींना कुणीतरी सांगून ठेवलेलं, "अँटिक आहे, पाच हजार डॉलर कुठे गेले नाहीत." आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांचंही तेच मत. "अरे, पाच हजार लावून तर बघ. देणारा भेटतोच एखादा!"

काका, माफ करा, पण हे मला अजिबात मान्य नाही.

एक तर ती रायफल स्वतःच खरं सांगते आहे. नळीवर '.45 कोल्ट' कोरलंय. मूळ कारखान्याने हे मॉडेल .44-40, .38-40, .32-20 आणि .22 या मापांत काढलं, .45 कोल्टमध्ये कधीच नाही. विषय तिथेच संपला! शिवाय चौकटीत 'ए झेड' ही दोन अक्षरं. इटलीत बंदूक विकण्याआधी तिची चाचणी होते आणि तिच्यावर वर्षाची खूण ठोकतात. ए झेड म्हणजे 1990. म्हणजे ही बाई जुन्या पश्चिमेतली नव्हे, इटलीच्या ब्रेशिया भागातली. तिथे उबेर्तीसारखे कारखाने गेली कित्येक दशकं अशा प्रतिकृती बनवताहेत.

दुसरं म्हणजे कायदा. इथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात अँटिक म्हणजे 1898 पर्यंत बनलेली बंदूक. प्रतिकृतीलाही सूट आहे, पण आजची नेहमीची काडतुसं चालणाऱ्या प्रतिकृतीला नाही. आजींची रायफल कायद्याच्या लेखी आजचंच हत्यार. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला ती परवानाधारक दुकानदारामार्फतच द्यावी लागते. 'अँटिक' म्हणून परस्पर पोस्टाने धाडली, तर निस्तरणार कोण? काका की आजी?

आता किमतीचं बोलू. मूळ 1873 मॉडेल साधारण पन्नास वर्षांत सुमारे 7 लाख 20 हजार बनली. आता एकही नवी बनणार नाही, म्हणून चांगल्या अवस्थेतल्या मूळ रायफलीचा भाव चढतो. प्रतिकृतीचं तसं नाही. कारखाना चालू आहे. तेराशे डॉलरच्या आसपास कोरी करकरीत मिळत असेल, तर वापरलेलीला पाच हजार कोण देईल? ज्याला फसवलंय तोच! नव्या मालाची किंमत हे प्रतिकृतीच्या डोक्यावरचं छप्पर आहे, आणि ते गळत नाही.

मग अंदाज कसा करायचा? जुन्या गाडीचा करतो तसाच. लोक किती मागतात ते बघू नका, सौदे कितीला झाले ते बघा. नळी आतून स्वच्छ आहे का, लिव्हर अडखळते का, मूळ पॉलिश शाबूत आहे का, खोका आणि कागद आहेत का ते तपासा. हौशी काउबॉय नेमबाजांत .45 कोल्टला मागणी आहे, ते जमेला धरा. 'जुनी दिसावी' म्हणून कुणी ॲसिडने काळवंडवली असेल, तर तेवढे पैसे उलट वजा करा. हे सगळं करून माझा आकडा आला 800 ते 900 डॉलर. दुकानदाराचं कमिशन जाऊन हातात 700.

काका म्हणाले, "अरे, अजून शंभर वर्षांनी तीही अँटिकच की!" होईलही. पण छप्पर या पावसाळ्यात गळतंय, काका.

मी फार शहाणा आहे असं नाही. माझ्याही दिवाणखान्यात चोर बाजारातून आणलेला 'ब्रिटिशकालीन' ग्रामोफोन आहे. कर्णा कोरा, पेटी कोरी, जुनी फक्त विकणाऱ्याची गोष्ट. ते कळलं तेव्हा राग पैशांचा आला नाही. चार वर्षं पाहुण्यांना मी तीच गोष्ट ऐकवत होतो, त्याचा आला. म्हणून सांगतो, नकल वाईट नसते. ती रायफल उत्तम बनवलेली आहे, आजोबांनी ती तीस वर्षं हौसेनं वापरली. वाईट असतं ते तिच्यावर चिकटवलेलं खोटं वय.

आजींना आकडा सांगितला. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता छपरावाल्याला अर्धंच काम सांगते."

काका, तुमचे पाच हजार ऐकून त्या पूर्ण छप्पर सांगून बसणार होत्या.