कैफियत आपल्या नावाने जाते: मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांस खुले पत्र

महोदय,

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील एखादी विधवा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे नुकसानभरपाईचा अर्ज दाखल करते, तेव्हा प्रतिपक्ष म्हणून ‘भारत सरकार, तर्फे महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे’ असा मजकूर लिहिला जातो. सबब त्या अर्जास उत्तरादाखल दिली जाणारी लेखी कैफियत, आपण ती वाचलेली असो वा नसो, आपल्याच नावाने जाते, आणि म्हणूनच हे पत्र आपल्या वकिलांस न लिहिता आपणांस लिहीत आहे.

अशा कैफियतींचा ठराविक साचा न्यायनिर्णयांतून वारंवार दृष्टीस पडतो. मयताच्या अंगावर तिकीट सापडले नाही, सबब तो प्रवासीच नव्हे. तो दारात उभा होता, सबब स्वतःच्या निष्काळजीपणाने पडला. किंवा तो पडलाच नाही, रूळ ओलांडत होता. यांपैकी शेवटचा बचाव खरा असेल तेथे तो अवश्य घ्यावा, कारण सरकारी तिजोरी खोट्या दाव्यांपासून राखणे हे वकिलाचे कर्तव्यच होय. परंतु पहिल्या दोहोंना आता आधार कोणता उरला आहे? १९९४ च्या दुरुस्तीने आलेले रेल्वे अधिनियमाचे कलम १२४-अ रेल्वेचा दोष असो वा नसो भरपाई द्यावयास सांगते. आत्महत्या, स्वतःस करून घेतलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेड, आणि आजार एवढेच त्यास अपवाद, आणि त्यांत निष्काळजीपणा नाही. उघड्या दारात उभे राहणे अविचाराचे असले तरी गुन्हेगारी कृत्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली जमीला प्रकरणात सांगितले. आणि केवळ तिकीट न सापडल्याने दावा बुडत नाही, वारसाने प्रतिज्ञापत्र दिले की पुराव्याचा भार रेल्वेवर जातो, हे २०१८ साली रीना देवी प्रकरणात.

रुळांच्या खडीत पडलेल्या माणसाचे पाकीट पंचनाम्यापर्यंत त्याच्याजवळ राहतेच असे नाही. पास मोबाइलवर काढलेला असेल तर मोबाइल फुटतो; मात्र त्या पासाची नोंद रेल्वेच्याच दप्तरी शाबूत असते, आणि ती शोधण्याचे श्रम विधवेने नव्हे, आपल्या कचेरीने घ्यावयाचे आहेत.

शिवाय दारात कोणी हौसेने लोंबकळत नाही. कल्याण ते बदलापूर लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच मार्गांवरून धावाव्यात हा प्रवाशांचा निर्णय नव्हता. तिसरी व चौथी मार्गिका आणि चिखलोलीचे नवे स्थानक ही कामे २०१९ च्या मंजुरीनंतर मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडल्यावर रेल्वेने स्वयंचलित दारांची घोषणा केली. जी संस्था दारे बसवू असे म्हणते, तिनेच न्यायाधिकरणापुढे दारात उभा राहिलेल्यास दोषी ठरवावे, हे विसंगत आहे.

तेव्हा विनंती अशी की, स्टेशन मास्तरांचा मेमो, पंचनामा आणि रेल्वेची स्वतःची चौकशी यांवरून लोकलमधून पडणे सिद्ध होत असेल, व पासाची नोंद मिळत असेल, तेथे कैफियतीत दावा मान्य करावा आणि आठ लाखांच्या रकमेसाठी अपिलाची वाट पाहावयास लावू नये, असे परिपत्रक आपण काढावे. त्याची मराठी प्रत या चारही स्थानकांच्या फलकांवर लावावी, कारण अर्जाची मुदत एकच वर्षाची आहे आणि पुष्कळ घरांना ती ठाऊक नसते.

आपला,
अंबरनाथचा एक पासधारक