रेशन कार्डावर बाई, पण कोणती?



घरची प्रमुख बाई असली की घरातले खाणे सुधारते, असे ठामपणे सांगितले जाते. हातात पैसा असेल तर हे खरेच; बाई आधी डाळ, दूध, भाजी बघते. पण २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला कुटुंबप्रमुख म्हणून पैसा दिला नाही, रेशन कार्डावर नाव दिले. तेही घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत थोरल्या बाईचे. एकत्र कुटुंबात ती असते सासू.

नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा सून पोरांना घेऊन नाशिकच्या सातपूर-अंबडकडे भाड्याच्या खोलीत येते. चूल वेगळी झाली, तरी तिचे आणि पोरांचे महिन्याचे माणशी पाच किलो धान्य सासरच्याच कार्डावर. नाव कमी करायला सहसा कुटुंबप्रमुखाचा अर्ज मागतात. म्हणजे जिच्या घरातून निघाली, तिचीच सही आणायची! एवढे करून नवे कार्ड निघाले, तरी धान्य मिळण्यासाठी प्राधान्य गटात बसायला शहरात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवे. महिन्याला पाच हजारही नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ही मर्यादा केव्हाच ओलांडते.

धान्य मिळाले तरी ते गहू-तांदूळच. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यावर नुसता पोळी-भात काय करणार? २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, तेल आणि चणाडाळ रेशनच्याच दुकानांतून वाटली. सणाला जमते ते दरमहा का नाही?

'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार आहेत ना, असे कोणी म्हणेल. ते थेट तिच्या खात्यात येतात, म्हणून कार्डावरच्या नावापेक्षा मला ते मोलाचे वाटतात. पण खोलीभाडे गेल्यावर त्यातून डाळीला किती उरणार? नुसत्या नावापेक्षा बाईच्या हाती काही असणे मोलाचे, हे काही नवे नाही. आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'त शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. बाईला घरात वजन कशाने येते, हे त्यांना नेमके कळले होते.

पुरवठा विभागाने एकट्या बाईला तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर, सासरच्या सहीविना, विभक्त कार्ड द्यावे. उत्पन्नाची मर्यादा वाढवावी आणि धान्यासोबत दरमहा डाळ द्यावी.

— एक वाचक, नाशिक