पाच रुपये बारा आण्यांची थकबाकी

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्यासाठी जमलेल्या गर्दीची नजर एकदा तरी एका मोटारीवर खिळते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, जर्मनीत घडलेली ती मेबॅक. राजघराण्यातील मंडळी त्या गाडीतून शमीपूजनासाठी येतात आणि लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप 'ती बघ, ती बघ' म्हणून बोट दाखवतात. या गर्दीत मोटार घेण्याचे स्वप्नही न पाहिलेला शेतमजूर असतो, तसा चकचकीत नवी गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून आलेला कारखानदारही असतो. दोघांच्या चेहऱ्यावरचे कुतूहल मात्र एकाच जातीचे असते. नव्या गाडीकडे पाहताना माणूस किंमत विचारतो, जुन्या गाडीकडे पाहताना वय विचारतो. किमतीने माणसे दुरावतात, वयाने जवळ येतात. जुन्या मोटारीच्या ओढीचे मूळ मला येथे दिसते.

ही ओढ माझ्या पिढीला रस्त्याने लावली नाही, पडद्याने लावली. हुपरी आणि परिसरातल्या गावांमध्ये जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येई. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. पण तंबूत शिरले की मोटारीच मोटारी! त्यातली आम्हा पोरांची लाडकी मोटार नायकाची नव्हती, खटारा होती. १९५८ सालचा 'चलती का नाम गाडी' ज्यांनी पाहिला, त्यांना अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार या तीन भावांचे ते गॅरेज आठवत असेल. पावसाच्या रात्री मधुबालाची गाडी बंद पडते, धाकटा भाऊ ती दुरुस्त करतो आणि मजुरी द्यायची राहून जाते. पाच रुपये बारा आणे! एवढ्या थकबाकीसाठी तो तिच्या मागे जातो आणि पुढचे सारे रामायण घडते. हसता हसता या चित्रपटाने एक गोष्ट सांगून ठेवली आहे. मोटारीची कथा ही तिच्या मालकाइतकीच तिच्या मिस्त्रीची असते आणि मिस्त्रीचे पैसे बहुधा राहून गेलेले असतात.

त्याच १९५८ साली ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' हा बंगाली चित्रपट आला. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि 'जगद्दल' नावाची त्याची मोडकळीला आलेली शेव्हरले, ही त्यातली दोन मुख्य पात्रे. बिमल गाडीशी बोलतो, तिच्यावर रुसतो, पदरचे पैसे घालून तिला नीट करतो. तरीही शेवटी जगद्दल भंगारात जाते. गाडीचे तुकडे वाहून नेले जात असताना एक लहान मूल तिचा सुटा झालेला भोंगा वाजवते आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू उमटते. यंत्रावर माया करणे हा खुळेपणा आहे की माणुसकीचाच एक पदर, याचे उत्तर घटकांनी त्या हसण्यात ठेवले आहे.

पडद्याने गाड्यांना आयुष्य दिल्याची उदाहरणे जगभर आहेत. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची फेरी १८९६ सालच्या एका मिरवणुकीच्या स्मरणार्थ भरते. १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तिच्यात प्रवेश. या फेरीवर १९५३ मध्ये 'जेनेव्हीव्ह' नावाचा विनोदी चित्रपट निघाला. त्यात १९०४ सालची एक डॅरॅक ही खरी नायिका होती. तो पाहून किती तरी इंग्रज कुटुंबांनी परसातल्या जुन्या गाड्यांवरची ताडपत्री काढली असे सांगतात. अमेरिकेत 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली हिरवी मस्टँग पुढे एका कुटुंबाने रोजच्या वापरात ठेवली होती. २०२० च्या जानेवारीत तिचा लिलाव झाला तेव्हा बोली ३४ लाख डॉलरपर्यंत चढली. विशेष हे, की तिला नवा रंग दिलेला नव्हता. चित्रीकरणाच्या खुणा अंगावर बाळगूनच ती लिलावात उभी राहिली.

आपल्याकडे मात्र जुनी गाडी म्हटली की दोनच कल्पना डोक्यात येतात, एक तर राजवाडा नाही तर भंगारवाला. या दोहोंमध्ये जो मोठा प्रदेश आहे, तो मध्यमवर्गाचा आहे आणि तो मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचा असायला हवा. सोलापूरच्या मातीतल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडल्या. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि पुढे सलग बाक. फियाट अकराशे म्हणून आलेली ही गाडी १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, गाडी आली की नारळ फोडून पहिल्यांदा जोतिबाला नाही तर अंबाबाईला न्यायची, डॉक्टरांनी तिच्यातून व्हिजिटला जायचे आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरीला तिच्यातूनच आणायचे. अशा कितीतरी गाड्या कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांनी पाहिल्या. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने लाखोंची सेवा केली आणि हिंदी-मराठी सिनेमात शहराची ओळख म्हणून ती कायमची बसली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिची नोंदणी २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. तिकडे पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातली अँबॅसिडर त्याआधीच, २०१४ मध्ये थांबली होती.

आता हुपरीचा आणि मोटारीचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे गाव चांदीचे. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे. चांदी आटवणारा एका घरात, तार ओढणारा दुसऱ्या, साखळी जोडणारा तिसऱ्या आणि घुंगरू बसवणाऱ्या बायाबापड्या चौथ्या घरात, अशी हुपरी-रेंदाळ परिसराची रीत. पण जुन्या मोटारींच्या पुढच्या दिव्यांतली वाटीसारखी परावर्तक तबकडी पितळेची किंवा तांब्याची असे आणि तिच्यावर मुलामा असे तो चांदीचा. प्रकाश परतवण्यात चांदीचा हात धरणारा धातू नाही. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते, की दिवा मंदावतो. मग मुलामा पुन्हा चढवावा लागतो. असाच एक काळा पडलेला जुना दिवा मी गावातल्या एका वयस्क कारागिराला दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, काठावर नख टेकवले आणि म्हणाले, "काय सर, ह्यो तर आपल्याच घरातला माल निघाला की! मोटारवाल्यास्नी ठाऊक न्हाई व्हय, चांदी कुठं उजळत्यात ते?" मी म्हणालो, "मामा, ठाऊक असते तर तुमच्या दारात रांग लागली असती." ते हसले. पण त्या हसण्यात एक व्यवहार दडला होता, तो मला सोडून द्यावासा वाटत नाही.

कोल्हापूरची माती दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, सिनेमा आणि यंत्र. या दोन्हींचा उगम एकच आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून आपल्या सहकाऱ्यांच्या हाताने कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्यावर चित्रपट काढले. त्याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये येथेच 'प्रभात' उभी केली. परक्याचे यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि मिळत नसलेला भाग स्वतः घडवायचा, ही जी वृत्ती कॅमेऱ्याच्या बाबतीत दिसली, तीच पुढे उद्यमनगरच्या लेथवर आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या ओतकामात दिसली. ज्या गाडीचा सुटा भाग जगात कुठे मिळत नाही, तो या जिल्ह्यात साच्यात ओतून, कातून, घासून मिळू शकतो. जुन्या गाडीच्या हौशी माणसाला याहून मोठे वैभव ते कोणते हवे?

तरीही या हौसेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरा, की जुन्या गाड्या धूर ओकतात आणि अपघाताला सुरक्षित नसतात. दुसऱ्यात तथ्य आहे. कार्बोरेटरवरची गाडी आजच्या गाडीच्या मानाने दर किलोमीटरला कितीतरी अधिक प्रदूषण करते. तिच्यात ना सुरक्षा पट्टा, ना हवेची पिशवी. ऊसगळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे जुन्या ब्रेकची गाडी घेऊन जाणे हे धाडसच. म्हणून अशी गाडी रोजच्या रहदारीत असावी, असे कोणीच शहाणा म्हणणार नाही. पण वर्षाकाठी काहीशे किलोमीटर फिरणाऱ्या, निगा राखलेल्या गाडीला आणि बारा महिने तेरा काळ धूर सोडत धावणाऱ्या हयगयीच्या टेम्पोला एकाच तागडीत घालणे हाही न्याय नव्हे.

सरकारनेही हा फरक मान्य केला आहे, पण अर्धवट. २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या क्रमांकमालिकेत नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५ हजार रुपये. गाडी प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वा धंद्याच्या वापराला नाही. ही व्यवस्था वाजवी आहे. पण पन्नाशीच्या अलीकडचे काय? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते २०२२ मध्ये ५ हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १० हजार. हेतू उघड आहे. जुन्या गाड्या मोडीत निघाव्यात. पण १९८५ सालची पद्मिनी या हिशेबात कुठे बसते? ती नवी नाही आणि व्हिंटेज व्हायला तिला २०३५ उजाडावे लागेल. तोवर तिचा मालक, म्हणजे बहुधा निवृत्त शिक्षक नाही तर ज्याच्या वडिलांची ती गाडी होती असा पगारदार मुलगा, थकून तिला भंगारात देऊन टाकतो. राजवाड्यातल्या गाड्या कशाही टिकतील. जाणार आहे ती सामान्य माणसाची गाडी. म्हणजे 'श्रीमंतांचे चोचले' हा पहिला आक्षेप आज कदाचित खोटा असेल, पण हेच धोरण राहिले तर उद्या तो खरा ठरेल.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या, प्रदूषण आणि ब्रेकच्या कसोटीला उतरलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजसारखीच मर्यादित वापराची एक मधली पायरी असावी. वापर कमी, म्हणून शुल्क कमी. नियम मोडला तर नोंदणी रद्द. यात सरकारचे काही बुडत नाही आणि रस्त्यावर धूरही वाढत नाही.

दुसरे म्हणणे सरकारला नाही, हौशी मंडळींना आहे. फेरीच्या दिवशी गाडीला हार घालून, फेटा बांधून छायाचित्र काढणारे पुष्कळ. पण गाडीखाली झोपणारा मिस्त्री त्या छायाचित्रात नसतो. कानाने इंजिनाचा ठोका ओळखणारे, प्लॅटिनम पॉइंटची फट नजरेने लावणारे, हातोडी आणि लाकडी ठोकळ्यावर मडगार्डची गोलाई काढणारे हात आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले या कामात नाहीत आणि त्यात मुलांचा दोष नाही. आजच्या गाड्यांत कार्बोरेटरच नाही, तर ते शिकायचे कोणासाठी? दोन दिवसांच्या नाजूक कामाची मजुरी आपण दोन तासांच्या हिशेबाने देतो आणि वर घासाघीस करतो. रंगावर लाख रुपये घालणारा माणूस मिस्त्रीच्या पाचशे रुपयांवर अडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. हुपरीत दागिन्याच्या भावात धातू वेगळा धरतात आणि घडणावळ वेगळी. जुन्या मोटारीत तर धातूची किंमत भंगाराची, उरलेली सारी घडणावळच. ती चुकवल्याशिवाय हौस ही फुकटची मालकी ठरते.

जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वर्षाला दोन-चार मुले जरी अशा जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली दिली, मोटारमालकांनी मिळून त्यांच्या विद्यावेतनाचा भार उचलला आणि उद्यमनगरचे ओतारी, हुपरीचे मुलामेवाले, कोल्हापूरचे गादीकाम करणारे यांची एक साधी यादी कोणी छापली, तरी हे ज्ञान आणखी एक पिढी तगेल. हे काम समितीचे नाही, चार माणसांनी एका रविवारी बसून करण्याचे आहे.

पडद्यावरची गाडी कधी जुनी होत नाही. तिला पेट्रोल लागत नाही, गंज चढत नाही, नोंदणीची मुदत संपत नाही. पण तिचा वास येत नाही आणि थंडीत चोक ओढल्यावर ती कशी खोकते, हे नातवाला समजत नाही. त्यासाठी रस्त्यावर एक तरी खरी गाडी हवी आणि ती चालू ठेवणारा माणूस हवा. 'चलती का नाम गाडी'तल्या त्या पोराने पाच रुपये बारा आण्यांसाठी अख्खा चित्रपट पाठपुरावा केला. आपल्या गावोगावच्या मिस्त्रींनी तो कधी केला नाही, म्हणून ती बाकी फिटली असे कोणी समजू नये.